डोक्यातलं पाणी आणि डॉ. कुलकर्णींचं संशोधन

बाळाच्या मेंदूत पाणी साठून डोकं मोठं होत जाणं म्हणजे हायड्रोसेफॅलस. उपाय दोन : पाणी पोटात उतरवणारी नळी (शंट) किंवा दुर्बिणीने मेंदूतच पाण्याला वाट करून देणं (ईटीव्ही). कुणाला काय लागू पडेल, याचा शोध टोरांटोच्या ‘सिक किड्स’ रुग्णालयातील बालमेंदू शल्यविशारद डॉ. अभय कुलकर्णी घेत आले आहेत.

• 2004 : मुलाची तब्येत, वागणं, आकलन पालकांच्या उत्तरांतून मोजणारी प्रश्नावली.

• 2009 : ईटीव्ही यशस्वी होण्याची शक्यता सांगणारे 0 ते 90 गुण. निकष तीन : वय, आजाराचं कारण, आधी शंट बसवला होता का.

• 2017 : युगांडात, जंतुसंसर्गानंतर हा आजार झालेल्या सहा महिन्यांखालील 100 बाळांची चाचणी. एका गटाला शंट, दुसऱ्याला दुर्बिणीचा उपाय; वर्षभरानंतर दोन्ही गटांच्या बौद्धिक विकासात लक्षणीय फरक नव्हता.

• शिंदखेड्यासारख्या लहान गावांसाठी अर्थ : शंट तुंबला की तातडीने शस्त्रक्रिया लागते, आणि मोठं रुग्णालय दूर. म्हणून नळीविना भागणं मोलाचं.

• लक्षणं : फुगलेली टाळू, वारंवार उलट्या, सततची झापड, खाली वळलेली नजर. दिसताच डॉक्टर गाठा.