सार्वजनिक मलवाहिन्यांतील सांडपाण्याचे नियमन

सार्वजनिक मलवाहिनीत कोणते सांडपाणी सोडता येते, हे ठरविणाऱ्या तरतुदींना सांडपाणी विसर्गाचे नियमन म्हणतात. महाराष्ट्रातील शहरांत मलवाहिन्यांची देखभाल स्थानिक संस्थांकडे असते; मुंबईत तिला १८८८ च्या महानगरपालिका अधिनियमाचा आधार आहे. कारखान्यांना मात्र जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ अन्वये सामान्यतः राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाचीही संमती लागते.

सेंद्रिय घाण कुजविताना जीवाणूंना लागणारा ऑक्सिजन, म्हणजेच बीओडी, हे सांडपाण्याच्या दूषिततेचे प्रमुख माप होय. पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ मधील सर्वसाधारण मानकांनुसार नदीनाल्यांत सोडावयाच्या पाण्याचा बीओडी लिटरमागे ३० मिलिग्रॅमपर्यंत चालतो, मलवाहिनीत ३५० पर्यंत. ही सवलत वरवर उदार वाटते. पण पुढे शुद्धीकरण केंद्र उरलेली घाण काढील, हे तिच्यामागील गृहीत आहे. सामूची ५.५ ते ९ ही मर्यादा मात्र दोन्हीकडे सारखीच आहे, कारण तीव्र आम्ल वाहिनीचे काँक्रीट खाते आणि केंद्रातील जीवाणूही मारते.

मानकांतील एक टीप सहसा दुर्लक्षित राहते. वाहिनी जैविक शुद्धीकरणाची सोय असलेल्या केंद्राला जोडलेली नसेल, तर तीत सोडलेले पाणी थेट नदीनाल्यात सोडल्यासारखेच मानले जाते. अशा गावातील कारखान्याला ३५० नव्हे, ३० हीच मर्यादा लागू होते.