विद्यापीठाच्या दारातील सापळा

चोर घरात शिरणे वाईट खरेच. पण तो शिरल्याचे घरधन्यास न कळणे हे त्याहून वाईट. संगणकाच्या बाबतीत हीच मोठी अडचण आहे. तेथील चोर वस्तू उचलून नेत नाही, तिची नक्कल नेतो. मूळ वस्तू जागच्या जागी राहते. गुणांच्या नोंदी, शुल्काचे हिशेब, संशोधनाची टिपणे हे सारे आज विद्यापीठे संगणकांत साठवितात. सिन्नरच्या महाविद्यालयातील मुलाचा परीक्षेचा अर्जही पुण्याच्या विद्यापीठाकडे संगणकाद्वारेच जातो. तेव्हा हा प्रश्न आपल्याही घरचा आहे.

विद्यापीठ हे मुळातच मोकळे ठिकाण. दरवर्षी नवी मुले येतात, आपापली यंत्रे जोडतात. फाटकावर फारच कडक पहारा बसविला तर विद्येचा व्यवहारच अडेल. मग चोर ओळखावा कसा? यावरील एका उपायास ‘हनीपॉट’, म्हणजे मधाचे भांडे, असे नाव आहे.

आपल्या तालुक्यात उसाच्या शेतात बिबट्याचा वावर दिसला की वनखाते पिंजरा लावते व आत शेळी किंवा कोंबडी ठेवते. हनीपॉटचे तत्त्व बरेचसे असेच. मात्र येथील भक्ष्य खोटे असते आणि मुख्य हेतू पकडण्याचा नसून पाहण्याचा असतो. खऱ्या संगणकांच्या शेजारी एक दिखाऊ संगणक मांडावयाचा. त्यास ‘परीक्षा विभाग’ असे भारदस्त नाव द्यावयाचे व आत बनावट नोंदी ठेवावयाच्या. कोणाही विद्यार्थ्याचे वा प्राध्यापकाचे तेथे काही काम नसते. म्हणून त्याचे दार जो वाजवील तो एक तर वाट चुकलेला, नाही तर चोर. खऱ्या संगणकावरील वर्दळीत चोर हेरणे म्हणजे जत्रेत खिसेकापू हेरण्यासारखे आहे. येथे एक पाऊल वाजले तरी ऐकू येते. अशी अनेक भांडी एकत्र जोडली की त्यांस ‘हनीनेट’ म्हणतात.

ही युक्ती विद्याक्षेत्रातच रुजली. १९८६ साली अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टोल यांना हिशेबात ७५ सेंटचा फरक आढळला. त्याचा माग काढता कोणी परका आत वावरत असल्याचे दिसले. त्यास दूरध्वनीवर पुरेसा वेळ गुंतवून ठेवावे म्हणून त्यांनी संरक्षणविषयक बनावट कागद रचून ठेवले. पाहुणा ते वाचीत बसला आणि शोध जर्मनीतील हॅनोव्हरपर्यंत पोहोचला. पुढे २००२ साली जॉर्जिया टेक या विद्यापीठाने हनीनेट उभारले, तेव्हा त्यावर आदळणारे काही हल्ले विद्यापीठाच्याच बाधित संगणकांवरून येत असल्याचे उघड झाले. वेशीवरचा पहारेकरी बाहेर पाहतो. गावातला शिरकाव त्याला दिसत नाही. तो या भांड्याने दाखविला. असा संगणक वेगळा काढला की रोग पुढे पसरत नाही, आणि चोराने जे दार चाचपले ते खऱ्या यंत्रांवर वेळीच बंद करता येते.

तथापि या उपायास मर्यादा आहेत. ज्याने भांड्यास हात लावला नाही तो चोर यात दिसत नाही. भांडे नीट कोंडलेले नसेल तर चोर त्याचीच शिडी करून दुसऱ्याच्या घरावर चढेल. त्यात खऱ्या मुलांची नावे कदापि घालू नयेत. आणि नोंदी रोज वाचणारा माणूस नसेल, तर ते शोभेचे भांडे होय. कुलपे आधी, सापळा नंतर.

एप्रिल २०२२ मध्ये भारत सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने आदेश काढला, की असा हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावा. हे सहा तास मोजले जातात ते लक्षात आल्यापासून! ज्याच्या लक्षातच येत नाही, त्याचे घड्याळ कधी सुरूच होत नाही. म्हणून आपल्या मुलांची माहिती ज्या संस्थांच्या हाती आहे त्यांना आपण पालकांनी एवढे तरी विचारावे: ‘आत कोणी शिरले, तर तुम्हांस कळेल कसे?’