गोष्ट आपल्याला धरून का ठेवते?

गटाची बैठक, हप्ते, वह्या, बँकेची कामं यांतून थोडा वेळ काढून आज आपण गोष्टींविषयी बोलणार आहोत. आमच्या काही गटांमध्ये महिन्याच्या बैठकीनंतर अर्धा तास पुस्तक वाचतात. एकजण मोठ्यानं वाचते, बाकीच्या ऐकतात. कुणी शेंगा फोडते, कुणी लेकराला मांडीवर घेऊन बसते. तिथं एक प्रश्न हमखास निघतो. एखादं पुस्तक असं असतं की बैठक संपली तरी बाया उठत नाहीत, “पुढं काय झालं तेवढं सांग” म्हणतात. आणि एखादं चांगलं, मोठ्या माणसानं लिहिलेलं पुस्तक असूनही चार पानांत जांभया सुरू होतात. असं का होतं?

आम्ही पुस्तकांतले पंडित नाही. पण आईचं पुस्तक, लहान मुलांचं पुस्तक, आत्मचरित्र, कादंबरी अशी वेगवेगळी पुस्तकं बायांसोबत वाचताना जे लक्षात आलं ते मांडतो. गोष्टीतलं माणूस पेचात सापडलं पाहिजे, त्या पेचात त्यानं काही निवडलं पाहिजे आणि त्या निवडीची किंमत मोजली पाहिजे. हे जिथं असतं, तिथं आपण अडकतो. जिथं नसतं, तिथं भाषा कितीही गोड असली तरी मन लागत नाही.

सुरुवात आपल्या घरातल्या गोष्टीपासून करू. श्रावणी सोमवारची खुलभर दुधाची कहाणी आपण सगळ्यांनी ऐकली आहे. राजाला महादेवाचा गाभारा दुधानं भरायचा असतो. तो हुकूम काढतो, गावातलं सगळं दूध देवळात आणा. लोक भीतीनं घरातलं थेंब न् थेंब दूध नेतात. वासरं उपाशी, लेकरं उपाशी. तरी गाभारा भरत नाही. एक म्हातारी मात्र आधी घरातल्या लेकरांना दूध देते, वासरांना पाजते आणि उरलेलं खुलभर, म्हणजे एवढंसं दूध घेऊन देवळात जाते. गाभारा भरून जातो.

या म्हातारीला नाव नाही. ती दिसायला कशी होती, काय नेसली होती, काही सांगितलेलं नाही. तरी ती आपल्याला लख्ख दिसते. कारण एका बाजूला राजाचा हुकूम आणि दुसऱ्या बाजूला घरातली भुकेली तोंडं असताना तिनं काय केलं हे आपल्याला कळतं. राजाही दुष्ट नाही. त्याला चांगलंच काम करायचं आहे, पण ते करताना कुणाच्या तोंडचा घास जातो हे त्याच्या ध्यानात येत नाही. म्हणून गोष्ट खरी वाटते. माणूस वर्णनानं कळत नाही, त्याच्या निवडीनं कळतो, हा पहिला धडा या कहाणीतच आहे.

आता ‘श्यामची आई’ घ्या. साने गुरुजींनी हे पुस्तक 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं आणि 1935 साली ते छापून आलं. पुष्कळांना वाटतं, त्यातली आई म्हणजे नुसती माया. पण नीट वाचा. श्याम पोहायला जायला घाबरतो, घरात लपून बसतो, तेव्हा हीच आई हातात शिमटी घेऊन त्याला मारत बाहेर काढते. आपल्या मुलाला कुणी भित्रा म्हणू नये असं तिला वाटतं. दुसऱ्या एका प्रसंगी डोक्यावरून मोळी पडलेल्या महार समाजातल्या म्हातारीला हात लावायला श्याम कचरतो. तेव्हा आई त्याला सांगते, जा, तिची मोळी उचलून दे आणि मग घरी येऊन अंघोळ कर.

हा दुसरा प्रसंग आमच्या बैठकीत वाचला की चर्चा पेटते. काही जणी म्हणतात, बघा, त्या काळातही केवढी माणुसकी. दुसऱ्या म्हणतात, मग अंघोळ कशाला? दोन्ही बोलणी बरोबर आहेत. ती आई सोवळ्याओवळ्याच्या घरात वाढलेली आहे. तिला ते सगळं सोडता येत नाही, पण समोरची म्हातारी तशीच उभी राहिलेलीही बघवत नाही. या दोहोंच्या मध्ये ती उभी आहे. मारणारी आणि माया करणारी, रीत पाळणारी आणि माणूस जपणारी, अशी दोन्ही मिळून ती एक बाई होते. शिवाय घरावर कर्ज आहे, सावकाराचा तगादा आहे. आपल्या गटातल्या कुणालाही त्या घरातली ओढाताण समजावून सांगावी लागत नाही.

कुणी म्हणेल, ही रडवणारी पुस्तकं. मुलांच्या पुस्तकात असं काय असतं? भा. रा. भागवतांचा ‘फास्टर फेणे’ आठवा. फुरसुंगीचा बनेश फेणे, पुण्याच्या शाळेत शिकणारा, अंगानं काडीसारखा, सायकलवरून धावणारा आणि काही सुचलं की ‘ट्टॉक’ करणारा. इथं सगळी मजा वेगाची आहे. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी “आता कसा सुटणार हा?” असं होतं. पण नुसत्या वेगानं काम भागत नाही. फेणे जर धिप्पाड, बंदूकवाला असता तर आपल्याला त्याची काळजीच वाटली नसती. तो किरकोळ पोरगा आहे आणि संकट मोठं आहे, म्हणून काळजी वाटते. त्यात घरी बसायची सोय असताना हा आपणहून दुसऱ्याच्या अडचणीत उडी घेतो. म्हणजे इथंही निवड आलीच. फक्त ती पळतापळता केलेली आहे.

याच्या उलट अण्णा भाऊ साठे यांचा ‘फकिरा’. 1959 सालची ही कादंबरी. शाळेत दीड दिवस गेलेल्या माणसानं ती लिहिली. फकिरा काही आपल्यासारखा साधा माणूस नाही, तो वीर आहे. दुष्काळात आपली माणसं भुकेनं मरताना पाहून तो धान्य लुटतो आणि वाटतो. असा वीर ऐकायला बरा वाटतो, पण अंगावर काटा येतो तो शेवटी. इंग्रज सरकार त्याच्या माणसांना ओलीस धरतं. पळून जाणं त्याला शक्य आहे. पण त्यांच्या जिवासाठी तो स्वतःला सरकारच्या हवाली करतो. वीराची गोष्टही त्याच्या ताकदीवर उभी राहत नाही. तो काय गमावायला तयार झाला, यावर उभी राहते.

आता आत्मचरित्रांकडे वळू. तिथं तर गोष्ट रचायची नसते, घडलेलंच सांगायचं असतं. मग काही आत्मचरित्रं का धरून ठेवतात आणि काही का कंटाळा आणतात? लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचून पाहा. शाळेत न गेलेली ही बाई. 1895 साली तिचे पती, कवी नारायण वामन टिळक, ख्रिस्ती झाले. एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला सगळं माहेर, नातीगोती आणि लहानपणापासून हाडीमाशी खिळलेलं सोवळं. काही वर्षं ती वेगळी राहिली, मग नवऱ्याकडे गेली, आणि तिथंही लगेच धर्म बदलला नाही. मनाला पटेल तसं एकेक पाऊल टाकलं. हे सगळं ती सांगते कसं? हसत हसत. वडिलांच्या अतिरेकी सोवळ्याला हसते, नवऱ्याच्या लहरीपणाला हसते आणि सगळ्यांत जास्त स्वतःला हसते. जी बाई स्वतःची फजिती लपवत नाही, तिचं दुःखही आपण खरं मानतो.

बेबीताई कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ याहून वेगळं. त्या फलटणला दुकान चालवायच्या. सामान बांधायला आलेल्या रद्दीतली वर्तमानपत्रं वाचायच्या. त्यांनी लिहिलेले कागद नवऱ्याच्या नजरेला पडू नयेत म्हणून कित्येक वर्षं लपवून ठेवले. आधी ‘स्त्री’ मासिकात आणि मग 1986 साली पुस्तक म्हणून ते लेखन बाहेर आलं. त्यात त्या ‘मी’पेक्षा ‘आम्ही’ जास्त म्हणतात, सगळ्या महारवाड्याची कथा सांगतात. जातीनं लादलेले हाल सांगतात, पण तिथं थांबत नाहीत. घरात आलेल्या कोवळ्या सुनेला रात्रंदिवस राबवणारी, तिच्या भाकरीला नावं ठेवणारी सासूही दाखवतात. आणि ती सासू अशी का झाली, तीही एकेकाळी अशीच छळलेली सून होती, हेही दाखवतात. आपल्याच माणसांबद्दल इतकं खरं बोलायला छाती लागते. वाचणाऱ्याला ती कळते.

शेवटचं उदाहरण व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’चं. 1955 सालची ही कादंबरी. माणदेशातली धनगरांची वाडी, तिथं आलेला कोवळा मास्तर. यात मोठा खलनायक नाही, मारामारीवर उभं असलेलं कथानक नाही. कारभारी आहे, भुरटी चोरी करणारा आनंदा रामोशी आहे, मेंढरं आहेत. शेकूला एकच बैल असतो, दुसरा कुणाचा मिळत नाही, तेव्हा त्याची बायको बैलाच्या जोडीला स्वतः खांदा देते. हे पान वाचलं तेव्हा आमच्या बैठकीत बराच वेळ कुणी बोललंच नाही. शेवटी दुष्काळ पडतो आणि वाडी रिकामी होते. इथं पेच एका माणसाचा नाही, सगळ्या गावाचा आहे. राहायचं की जगायला बाहेर पडायचं? ऊसतोडीला, वीटभट्टीला जाणाऱ्या आपल्या घरांना हा प्रश्न आजही सुटलेला नाही.

म्हणजे पुस्तकांच्या जाती वेगळ्या. कहाणीत दोन ओळींत काम होतं, कादंबरीला शेदोनशे पानं लागतात. एक हसवतं, एक पळवतं, एक रडवतं. पण आत पाहिलं तर चार प्रश्न सगळीकडे सारखेच लागू पडतात. या माणसाला काय हवं आहे? आड काय येतंय, बाहेरून आणि त्याच्या मनातूनही? त्यानं काय निवडलं? आणि त्यासाठी काय मोजलं?

हे सगळं रेडिओवर सांगायचं कारण आहे. आपल्या गटांनाही गोष्टी लिहाव्या लागतात. अहवालासाठी, मेळाव्यासाठी, या रेडिओसाठी ‘यशोगाथा’ मागतात. त्या बहुतेक एकाच साच्यातल्या असतात. परिस्थिती हलाखीची होती, ताई गटात आल्या, कर्ज मिळालं, शेळ्या घेतल्या, आता कुटुंब सुखी आहे. नाव बदललं की हीच गोष्ट कुठल्याही गावाला चालते. ऐकणारीला ती खोटी वाटते आणि जिनं खरंच कष्ट केले तिचे कष्ट त्या साच्यात दिसेनासे होतात. दुसरी नुकसानी त्याहून मोठी. जिची पहिली शेळी मेली, जिचा हप्ता थकला, तिला वाटतं की आपणच तेवढ्या नालायक.

समजा, एका ताईनं कर्ज काढून शेळ्या घेतल्या. तिला ते चार प्रश्न विचारा. काय हवं होतं? “मुलीचं शिक्षण दहावीला थांबू नये.” आड काय आलं? “सासूबाई म्हणाल्या, कर्ज कशाला डोक्यावर? आणि मलाही भीती होतीच.” काय निवडलं? “पोत विकली नाही, गटातून उचल घेतली.” काय मोजलं? “एक पावसाळा दोन शेळ्या गेल्या. हप्त्यासाठी लोकाच्या रानात खुरपायला गेले.” आता ही बाई दिसू लागली. आणि सासूबाईंनाही दुष्ट ठरवू नका. त्यांनी त्यांच्या तरुणपणी सावकारी कर्ज पाहिलं असेल. त्यांनाही विचारा.

एक काळजी मात्र घ्या. पुस्तकातलं माणूस पुस्तकात राहतं. आपली ताई याच गावात राहते, पाण्याला, दळणाला याच वाटेनं जाते. तिची गोष्ट रेडिओवर लागली की घरचे, भावकी, सगळे ऐकतात. म्हणून लिहून झालं की आधी तिला वाचून दाखवा. काय ठेवायचं, काय काढायचं, नाव घालायचं की नाही, हे तिचं ती ठरवेल. चांगली गोष्ट मिळावी म्हणून कुणाच्या घरात भांडण लावायचं नाही.

पुढच्या बैठकीसाठी एक काम सुचवतो. गावच्या वाचनालयातून ‘श्यामची आई’ आणा. त्यातली प्रकरणं ‘रात्र’ म्हणून दिलेली आहेत, अशा 42 रात्री आहेत. एका बैठकीला एक रात्र आरामात वाचून होते. ज्या वाचू शकतात त्यांनी आळीपाळीनं वाचावं, ज्यांना वाचता येत नाही त्यांनी ते चार प्रश्न विचारायचं काम घ्यावं. उत्तरांवर एकमत झालं नाही तरी चालेल. कुठल्या गटात काय वाद झाला ते आम्हाला जरूर कळवा, पुढच्या कार्यक्रमात त्यावर बोलू. नमस्कार.