टळलेल्या प्रलयाची दक्षिणा

येशू ख्रिस्त 23 आणि 24 सप्टेंबर 2025 या दोन दिवसांत श्रद्धाळूंना स्वर्गात नेईल, हे दक्षिण आफ्रिकेतील जोशुआ म्हलाकेला या धर्मोपदेशकाचे भाकीत समाजमाध्यमांवरून जगभर पसरले आणि त्यापायी काहींनी मोटारी विकल्याचे, नोकऱ्या सोडल्याचे जाहीर केले, तेव्हा हा परदेशी खुळेपणा आहे असे अनेक मराठी वाचकांना वाटले असेल. परंतु अशा भाकितापायी आपल्याकडेही पैसा ओतला गेला आहे, आणि तो ज्या रीतीने गेला ती रीत अधिक घातक आहे.

फेब्रुवारी 1962 मध्ये सूर्य, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी आणि केतू हे आठही जण मकर राशीत एकत्र आले व या ‘अष्टग्रही’मुळे प्रलय ओढवणार अशी हूल देशभर उठली. यांतील केतू हा मुळात आकाशस्थ गोलच नव्हे. चंद्राचा मार्ग सूर्याच्या भासमान मार्गाला ज्या दोन ठिकाणी छेदतो, त्यांपैकी एका बिंदूचे ते नाव आहे. चंद्र एक रास साधारण सव्वादोन दिवसांत ओलांडतो, म्हणून संकटाला 3 ते 5 फेब्रुवारी अशी नेमकी मुदत मिळाली, आणि पौष अमावास्येला खग्रास सूर्यग्रहणही आल्याने भीतीत भर पडली, जरी त्याचा खग्रास पट्टा दूर पॅसिफिक महासागरातून जात होता. ज्या युतीच्या धास्तीने लोक हवालदिल झाले, ती सूर्याच्या तेजात बुडालेली असल्यामुळे नुसत्या डोळ्यांना दिसणारही नव्हती.

पंतप्रधान नेहरूंनी ही भीती हसण्यावारी नेली, तरी ठिकठिकाणी यज्ञ, जप आणि अखंड पाठ मांडले गेले, मणामणांनी तूप अग्नीत पडले, वर्गण्या आणि दक्षिणा दिल्या गेल्या. वाशीमसह साऱ्या वऱ्हाडात पौष-माघ हा शेतकऱ्याच्या हाती कापसाचा पैसा खुळखुळण्याचा काळ असल्याने या भागात भीतीला खर्चाची वाट सहज सापडावी अशीच ती वेळ होती. 5 तारखेची संध्याकाळ सरली, काहीही घडले नाही, आणि तरीही भाकीत खोटे ठरल्याचे कबूल करण्याची पाळी भाकीत करणाऱ्यांवर आली नाही, कारण शांती केली म्हणूनच अरिष्ट टळले, हे उत्तर आधीपासून तयार होते.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 21 डिसेंबर 1954 च्या महापुराची वाट पाहणाऱ्या शिकागो परिसरातील ज्या गटात राहून अभ्यास केला, त्या गटानेही पूर न आल्यावर आपल्या रात्रभरच्या निष्ठेने जग वाचले, असाच अर्थ लावला. श्रद्धा आणि प्रत्यक्ष यांतील हा असह्य ताण, ज्याला मानसशास्त्रात बोधात्मक विसंगती म्हणतात, मिटवण्याची युक्ती त्या गटाला ती घटका उलटून गेल्यावर शोधावी लागली. आपल्याकडे ती शांतीच्या विधीतच बांधलेली असते, आणि पैसा देणाऱ्याला आपण फसलो हे कधी कळतच नाही. खरा अपाय येथे आहे.

वाशीमला लागून असलेल्या बुलढाणा जिल्ह्यातील भेंडवळ येथे अक्षय्य तृतीयेला होणाऱ्या घटमांडणीशी या शांतीविधीची तुलना करण्याजोगी आहे. तेथे शेतात खड्डा करून पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळे मांडतात, वर पाण्याची घागर ठेवतात, भोवती अठरा धान्ये रचतात आणि दुसऱ्या पहाटे त्यांतील बदलांवरून पाऊसपाण्याचे भाकीत सांगतात. त्याला शास्त्रीय आधार नाही, हा अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीचा आक्षेप रास्तच आहे. पण तेथे वर्तवलेला पाऊस वाशीमच्या सोयाबीनवर पडला की नाही, हे शेतकरी दिवाळीपूर्वी स्वतः पाहू शकतो. टाळता येणाऱ्या प्रलयाची अशी पडताळणी कोणत्याच शिवारात होत नाही.

महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने कथित चमत्कारांच्या जोरावर पैसे कमावणे गुन्हा ठरवले, मात्र ज्योतिषांचा सल्ला त्यातून स्पष्ट शब्दांत वगळला. त्यामुळे वाशीम जिल्ह्यातील कारंज्यात वा रिसोडमध्ये कोणी येणाऱ्या अरिष्टाच्या भीतीने सोयाबीनचे पैसे शांतीत घातले, तर उरतो तो भारतीय न्याय संहितेतील फसवणुकीचा गुन्हा. तेथे अप्रामाणिक हेतू सिद्ध करावा लागतो, आणि भाकीत सांगणाऱ्याचा स्वतःचाच त्यावर विश्वास असेल तर तो सिद्ध होणे जवळपास अशक्य असते.