एल ५९ : सुदानहून परतलेले झेपेलिन

एल ५९ हे पहिल्या महायुद्धातील जर्मन नौदलाचे झेपेलिन, म्हणजे हायड्रोजन वायूच्या बळावर तरंगणारे सांगाड्याचे हवाईजहाज होते. नोव्हेंबर १९१७मध्ये पूर्व आफ्रिकेत अडकलेल्या जर्मन फौजेला रसद देण्यासाठी ते बल्गेरियातून निघाले आणि सुदानपर्यंत जाऊन, वाटेत कोठेही न उतरता, माघारी आले. या ९५ तासांत त्याने ६,७५७ किलोमीटरचा प्रवास केला. त्या काळी एवढा लांबचा सलग युद्धप्रवास कोणत्याही हवाईजहाजाने केला नव्हता.

जर्मन पूर्व आफ्रिका या वसाहतीत आजच्या टांझानियाचा मुख्य भूभाग, रवांडा आणि बुरुंडी यांचा समावेश होता. तेथील सेनापती पाउल फॉन लेटो-फोरबेक याच्याविरुद्ध लढणाऱ्या ब्रिटिश सैन्यात भारतीय पलटणी मोठ्या संख्येने होत्या. १६ ऑक्टोबर १९१४ रोजी मुंबईहून सुमारे ८,००० सैनिक जहाजांनी निघाले. त्यांत ग्वाल्हेरच्या शिंदे संस्थानाचे आणि काश्मीर संस्थानाचे पायदळही होते. नोव्हेंबरच्या आरंभी टांगा बंदरावरील लढाईत जेमतेम हजारभर बचावकर्त्यांनी या सैन्याला परतवून लावले. मागे राहिलेल्या बंदुका, मशीनगन आणि लाखो काडतुसे जर्मनांच्या हाती पडली. पुढील चार वर्षे ही मोहीम रेंगाळली. दिल्लीच्या इंडिया गेटवरील लेखात फ्रान्स, फ्लँडर्स आणि मेसोपोटेमियाबरोबर पूर्व आफ्रिकेचे नाव कोरलेले आहे, ते याच मोहिमेत पडलेल्या सैनिकांसाठी.

ब्रिटिश आरमाराने समुद्रमार्ग रोखल्याने १९१७पर्यंत लेटो-फोरबेकच्या फौजेला दारूगोळा आणि औषधे यांची चणचण भासू लागली. आकाशमार्गे रसद पाठवण्याची कल्पना माक्स झुपित्झा या वसाहतीतील डॉक्टरने मांडली. आफ्रिकेत हायड्रोजन पुन्हा भरण्याची सोय नव्हती. त्यामुळे जहाज परत येणार नाही, असे धरूनच ते तयार करण्यात आले. बाहेरच्या कापडाचे तंबू, आतील अस्तराच्या मलमपट्ट्या, सांगाड्याच्या धातूचे मनोरे आणि निवारे, चालवाटेवरील कातड्याचे बूट, असा त्याच्या प्रत्येक भागाचा उपयोग ठरलेला होता.

या कामासाठी आधी निवडलेले एल ५७ ऑक्टोबर १९१७मध्ये वादळात सापडून नष्ट झाले. मग एल ५९ची लांबी वाढवून २२६.५ मीटर करण्यात आली. त्यात ६८,५०० घनमीटर वायू मावत असे आणि त्याला पाच मायबाख इंजिने होती. सुमारे १५ टन मालात मशीनगन, तीन लाखांवर काडतुसे आणि औषधांची पोती होती. कप्तान लुडविग बॉकहोल्ट होता आणि जहाजावर २२ माणसे होती.

बल्गेरियातील यांबोल तळावरून केलेले पहिले दोन प्रयत्न फसले. २१ नोव्हेंबरच्या पहाटे जहाज तिसऱ्यांदा निघाले. तुर्कस्तान आणि क्रीट ओलांडून दुसऱ्या दिवशी सकाळी ते आफ्रिकेच्या किनाऱ्यावर आले. वाळवंटात खरी कसोटी लागली. तापलेल्या वाळूवरून उसळणाऱ्या हवेने जहाज गदगदा हलू लागले. दिवसा उष्णतेने वायू फुगतो आणि जादा वायू बाहेर सोडावा लागतो. रात्री उरलेला वायू थंड होऊन आकसतो आणि जहाजाची उचल कमी होते. त्यामुळे रात्री जहाज झपाट्याने खाली येऊ लागले आणि वजन टाकून ते सावरावे लागले. बिनतारी यंत्राला वीज पुरवणाऱ्या इंजिनात बिघाड झाल्याने संदेश पाठवणेही बंद पडले. येणारे संदेश मात्र ऐकू येत होते.

२३ नोव्हेंबरच्या मध्यरात्रीनंतर, खार्टूमच्या पश्चिमेला असताना, परतण्याचा आदेश मिळाला. जेथे उतरायचे तो सपाट मुलूख ब्रिटिशांच्या हाती गेल्याची बातमी जर्मनीत पोचली होती. ब्रिटिशांनी खोटा संदेश पाठवून जहाज फिरवले, अशी आख्यायिका पुढे पसरली. पण आदेश जर्मन नौदलाचाच होता. २५ नोव्हेंबरला जहाज यांबोलला उतरले. त्याच दिवशी लेटो-फोरबेकने रोव्हुमा नदी ओलांडून पोर्तुगीज मोझांबिकमध्ये प्रवेश केला आणि न्गोमानोचे पोर्तुगीज ठाणे जिंकून हवा तो दारूगोळा मिळवला.

यानंतर एल ५९कडे बॉम्बफेकीचे काम आले. मार्च १९१८मध्ये त्याने इटलीतील नेपल्सवर ६,००० किलोंहून अधिक बॉम्ब टाकले. ७ एप्रिल १९१८ रोजी माल्टाच्या ब्रिटिश नौदल तळाकडे जाताना ओट्रांटोच्या सामुद्रधुनीवर त्याने पेट घेतला. एका जर्मन पाणबुडीने हा प्रकार पाहिला. बॉकहोल्टसह जहाजावरील सर्वजण मृत्युमुखी पडले. जहाज पाडल्याचा दावा शत्रुपक्षातील कोणीही केला नाही. अपघाताने आग लागली असे सामान्यतः मानले जाते.

एल ५९च्या मालाचा एकही नग आफ्रिकेत पोचला नाही आणि लढाईवर त्याचा काहीही परिणाम झाला नाही. मात्र वायूवर तरंगणारे जहाज खंडाखंडांमधील अंतर न थांबता पार करू शकते, हे त्याने सिद्ध केले. १९२०च्या दशकात ब्रिटनने भारतापर्यंत हवाईजहाजांची सेवा आखली आणि त्यासाठी कराचीत प्रचंड शेड उभारली. पण भारताकडे निघालेले आर १०१ हे ब्रिटिश हवाईजहाज ५ ऑक्टोबर १९३० रोजी फ्रान्समध्ये कोसळून ४८ जण ठार झाले आणि ती योजना सोडून देण्यात आली.