टाकीत गॅस किती उरला? ओले फडके अंदाज देते, काटा हिशेब देतो

माहूर : नवरात्र असो की दत्तजयंती, माहूरगडावर यात्रा भरली की गावातल्या घरांत पाहुण्यांचा राबता सुरू होतो. रेणुकामातेच्या नैवेद्याचे पुरण शिजत असते आणि नेमकी तेव्हाच गॅसची टाकी संपते. भरलेली दुसरी टाकी असेल तर काम दोन मिनिटांचे. पण एकाच टाकीवर चालणाऱ्या घरात पुन्हा चूल पेटवावी लागते. डोंगरातल्या वाड्या-तांड्यांवर गाडी रोज जात नाही. तिथे टाकी संपणार हे चार-आठ दिवस आधी कळले, तरच नोंदणी वेळेत होते. हे कळण्यासाठी काय करावे आणि कशावर विसंबू नये, ते समजून घेऊ.

ज्योत पाहून कळते का?

नाही. टाकीत गॅस बहुतांश द्रवरूपात असतो आणि त्याच्या वर वाफ असते. शेगडी पेटली की ही वाफ नळीतून येते आणि खालच्या द्रवाची नवी वाफ तयार होते. त्यामुळे द्रव शिल्लक आहे तोवर आतला दाब फारसा बदलत नाही. दाब ठरतो तो मुख्यतः तापमानावर, शिलकीवर नाही. टाकी भरलेली असो की पाव उरलेली, ज्योत सारखीच दिसते. ती मंदावते ती अगदी शेवटी, म्हणजे उपाय करायला वेळ उरत नाही तेव्हा. बाजारात मिळणाऱ्या दाबमापकाची अडचणही हीच आहे.

ज्योत पिवळी झाली म्हणजे गॅस संपत आला, असा समज घरोघरी आहे. पिवळ्या ज्योतीचे नेहमीचे कारण वेगळे असते : बर्नरची छिद्रे बुजलेली असतात किंवा हवा नीट मिसळत नसते. बर्नर साफ केला की ज्योत पुन्हा निळी होते.

टाकी आडवी करणे, उलटी करणे किंवा गदागदा हलवणे टाळावे. आडव्या टाकीतून द्रव थेट रेग्युलेटरमध्ये आणि नळीत शिरू शकतो, मग शेगडीवर मोठा भडका उडू शकतो. शेवटचा गॅस निघावा म्हणून टाकी गरम पाण्यात ठेवणे किंवा तापवणे तर जिवावर बेतू शकते.

ओल्या फडक्याची युक्ती

जाड सुती फडके भिजवून, पिळून टाकीवर वरपासून खालपर्यंत फिरवावे. काही मिनिटे थांबावे. वरचा भाग लवकर सुकतो, खालचा बराच वेळ ओलसर राहतो. या दोन भागांमधली रेष म्हणजे आतल्या द्रवाची पातळी.

कारण साधे आहे. वरच्या भागात नुसती वाफ असते, त्यामुळे तिथला पत्रा खोलीतल्या हवेने चटकन तापतो आणि पाणी उडून जाते. खालच्या भागात पत्र्याला द्रव टेकलेला असतो. तो उष्णता शोषून घेतो, म्हणून पत्रा गार राहतो. स्वयंपाक नुकताच झाला असेल, तर रेष अधिक ठळक दिसते. कारण द्रवाची वाफ होताना तो आणखी गार झालेला असतो. पावसाळ्यात दमट हवेमुळे कधी कधी फडके न लावताच टाकीच्या खालच्या भागावर दव दिसते.

दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. भरलेल्या टाकीतही वर मोकळी जागा ठेवलेली असते, म्हणून रेष अगदी गळ्यापाशी दिसली नाही तरी घाबरू नये. आणि टाकीचा तळ गोलाकार असल्याने शेवटचा किलो-दीड किलो गॅस या पद्धतीने नीट कळत नाही.

पक्का हिशेब काट्याचा

घरगुती टाकीत १४.२ किलो गॅस असतो. रिकाम्या टाकीचे वजन प्रत्येक टाकीवर वरच्या कड्याला आधार देणाऱ्या उभ्या पट्ट्यांवर कोरलेले असते. ते साधारण १५-१६ किलो असते. पण प्रत्येक टाकीचे वेगळे, म्हणून वाचूनच घ्यावे. आताच्या वजनातून ते वजा केले की उरतो तो गॅस.

समजा, पट्टीवर १५.८ आहे आणि काटा १९.६ दाखवतो. म्हणजे गॅस ३.८ किलो. एक टाकी ४५ दिवस जात असेल, तर रोजचा खर्च सुमारे ३१५ ग्रॅम, आणि उरलेला गॅस १२ दिवसांचा. टाकी ३० दिवसच जात असेल, तर तोच गॅस आठ दिवसांत संपेल.

त्यासाठी महाग यंत्र लागत नाही. या भागात कापूस वेचणीची मजुरी किलोवर दिली जाते, त्यामुळे लटकता काटा अनेक शेतकऱ्यांकडे असतो. किराणा दुकानातला मोठा काटाही चालतो. मात्र आधी शेगडी व रेग्युलेटर बंद करावा, रेग्युलेटर काढून टाकीला सुरक्षा टोपी लावावी, आसपास चूल किंवा दिवा नसावा. लटकवताना टाकी वरच्या कड्यातच अडकवावी आणि जमिनीपासून जेमतेम उचलावी.

टाकी घेतानाच पाहा

टाकी दारात आली की सील तपासावे आणि वजन करून मागावे. तो ग्राहकाचा हक्क आहे. पट्टीवरचे वजन अधिक १४.२ ही बेरीज काट्याशी जुळायला हवी. लक्षणीय कमी भरल्यास ती टाकी घेऊ नये. वितरकाकडे दाद लागली नाही, तर वैधमापनशास्त्र विभागाकडे किंवा १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

पट्टीवर ए, बी, सी किंवा डी या इंग्रजी अक्षरापुढे दोन आकडेही असतात. ती टाकीच्या पुढच्या चाचणीची मुदत. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर आणि डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर, आकडे वर्षाचे. मुदत उलटलेली टाकी परत करावी.

वेळेआधी संपली तर?

वजन बरोबर होते, पाहुणे नव्हते, तरी टाकी आठ-दहा दिवस आधीच संपली, तर गळतीची शंका घ्यावी. नळीवर आणि जोडांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का पाहावे. काडी ओढून कधीच पाहू नये. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. वास आला तर रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात, विजेचे बटण चालू किंवा बंद करू नये आणि बाहेर येऊन १९०६ या आपत्कालीन क्रमांकावर कळवावे.

नवी टाकी लावली की तारीख आणि पट्टीवरचे वजन दिनदर्शिकेवर लिहून ठेवावे. दोन-तीन टाक्यांनंतर घराचा रोजचा खर्च हाती येतो. मग सणाच्या आठवडाभर आधी एकदा काटा लावला, की नोंदणी आज करायची की पुढच्या आठवड्यात, हे ठरवता येते.