जुन्या संगणकावरील कॅमेरा बंद पडतो तेव्हा

दिल्लीच्या दक्षिण भागात, आय.एन.ए. बाजारापासून जवळच, लक्ष्मीबाई नगर ही वसाहत आहे. झाशीच्या राणीचे नाव धारण करणारी ही वसाहत केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी वसविलेली आहे. निरनिराळ्या प्रांतांतून नोकरीनिमित्त आलेल्या माणसांची ही वस्ती असल्यामुळे येथील कित्येक घरांचे अर्धे गोत दूर गावी असते. सांगलीची आजी आणि दिल्लीचा नातू ह्यांची भेट वर्षातून एकदा, सुट्टीत व्हायची. संगणकाच्या पडद्यावर बसविलेल्या छोट्या कॅमेऱ्याने, म्हणजेच वेबकॅमने, ती रोज संध्याकाळी घडवून आणली. मार्च २०२० मध्ये साथीमुळे शाळा बंद झाल्या आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली, तेव्हा तर पुष्कळ मुलांचा वर्ग ह्याच लहानशा भिंगासमोर भरू लागला.

असा कॅमेरा एके दिवशी अकस्मात बंद पडतो. काल संध्याकाळपर्यंत तो उत्तम चालत होता. तो पडला नाही, भिजला नाही, त्याला कोणी हातही लावला नाही. तरी पडदा काळा राहतो, किंवा ‘कॅमेरा सापडत नाही’ असा निरोप येतो. अशा वेळी घरातील मंडळी बहुधा एकच निष्कर्ष काढतात, की कॅमेरा जुना झाला, तो मेला. आता नवा आणावा. हा निष्कर्ष पुष्कळदा चुकीचा असतो. कॅमेरा धडधाकट असतो आणि दोष दुसरीकडेच असतो. तो कोठे आहे हे शोधून काढण्याची एक शास्त्रीय रीत आहे. तिला महागडी उपकरणे लागत नाहीत. लागतो तो थोडा धीर आणि विचारांतील क्रम.

साखळी आणि तिच्या कड्या

समोरील चेहऱ्यावरून आलेला प्रकाश कॅमेऱ्याच्या भिंगातून आत शिरतो आणि संवेदकाच्या चकतीवर पडतो. ह्या चकतीवर लक्षावधी सूक्ष्म बिंदू असतात; प्रत्येक बिंदू आपल्यावर पडलेल्या प्रकाशाच्या प्रमाणात विद्युत्भार निर्माण करतो. ह्या भारांचे अंकांत रूपांतर होते. ते अंक तारेतून संगणकाच्या यूएसबी खाचेत येतात. तेथे ड्रायव्हर नावाचा दुभाषी प्रोग्रॅम ते समजून घेतो व संगणकाच्या मूळ प्रणालीच्या हवाली करतो. प्रणाली ते अंक संभाषणाच्या प्रोग्रॅमला देते आणि मग पडद्यावर चित्र उमटते.

ही एक साखळी आहे: भिंग, संवेदक, तार, खाच, ड्रायव्हर, प्रणाली आणि प्रोग्रॅम. सातांपैकी एकही कडी निखळली तरी परिणाम एकच, तो म्हणजे काळा पडदा. म्हणून केवळ काळ्या पडद्याकडे पाहून दोष कोणत्या कडीत आहे हे सांगता येत नाही.

अंकांचा ओघ

तारेतून किती अंक वाहतात, ह्याचा हिशेब शाळेतील विद्यार्थ्यालाही करता येईल. साध्या चित्रात ६४० उभे स्तंभ व ४८० आडव्या ओळी, म्हणजे एकूण ३,०७,२०० बिंदू असतात. प्रत्येक बिंदूसाठी सामान्यतः दोन बाइट, म्हणजे १६ बिट लागतात. तेव्हा एका चित्राला सुमारे ४९ लाख बिट झाले. हालचाल सलग दिसावी म्हणून सेकंदाला ३० चित्रे पाठवायची, तर ओघ सेकंदाला सुमारे १४ कोटी ७० लाख बिट इतका होतो.

१९९६ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या यूएसबी मानकाची कमाल गती सेकंदाला १ कोटी २० लाख बिट होती. तिच्यातून अशी दोन-अडीच चित्रेच जाऊ शकत. २००० साली आलेल्या दुसऱ्या मानकाने ही मर्यादा ४८ कोटींवर नेली आणि वरील चित्र त्यात सहज मावू लागले. परंतु १२८० स्तंभ व ७२० ओळींचे मोठे चित्र घेतले, की ओघ ४४ कोटींच्या वर जातो. कागदावर तो ४८ कोटींत बसतो खरा. परंतु गतीचा काही भाग व्यवस्थेसाठीच खर्च होत असल्याने प्रत्यक्षात तो मावत नाही. ह्यावर उपाय म्हणून कॅमेरा स्वतःच चित्र आवळून लहान करतो व मग पाठवितो. संगणकाने ते उलगडावयाचे असते. ही आवळलेल्या चित्राची गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे, कारण पुढे एका मोठ्या घोटाळ्याचे मूळ तिच्यातच सापडले.

समान बोलीची गरज

संगणकाच्या जाळ्यावरील आद्य कॅमेरा इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत १९९१ साली बसविला गेला, तो कॉफीच्या भांड्यावर नजर ठेवण्यासाठी! दुसऱ्या खोल्यांतील संशोधकांना भांडे रिकामे आहे की भरलेले, हे जागेवरून उठल्यावाचून कळावे, एवढाच त्याचा हेतू. १९९३ साली ते चित्र जगभर दिसू लागले व २००१ मध्ये तो कॅमेरा बंद करण्यात आला. घरगुती वापराचा कॅमेरा १९९४ साली क्विककॅम ह्या नावाने बाजारात आला. त्याचे चित्र कृष्णधवल असे.

त्यापुढील काळात अनेक कारखान्यांनी कॅमेरे काढले. परंतु प्रत्येकाची बोली वेगळी होती. प्रत्येक कॅमेऱ्याबरोबर त्याच्या ड्रायव्हरची तबकडी मिळे आणि ती हरवली की कॅमेरा मुका होई. ही अडचण दूर करण्यासाठी २००३ साली यूएसबी चित्र-उपकरणांचे एक सामायिक मानक ठरले. ह्या मानकाप्रमाणे बनलेल्या कॅमेऱ्याला स्वतंत्र ड्रायव्हर लागत नाही. प्रणालीत असलेला सर्वसाधारण ड्रायव्हर पुरतो. लिनक्स प्रणालीच्या गाभ्यात असा ड्रायव्हर २००८ साली समाविष्ट झाला.

ह्यावरून एक महत्त्वाचा भेद हाती येतो. मानकापूर्वीचा कॅमेरा त्याच्या जुन्या ड्रायव्हरवर अवलंबून असतो. ३२ बिटांच्या प्रणालीसाठी लिहिलेला ड्रायव्हर ६४ बिटांच्या प्रणालीत चालत नाही. त्यामुळे प्रणाली बदलली की असा कॅमेरा निरोगी असूनही निकामी ठरतो. मानकानुसार बनलेला कॅमेरा मात्र सहसा नव्या प्रणालीतही बोलू शकतो.

एका बदलाची कथा

‘सहसा’ असे म्हणण्यास कारण आहे. ऑगस्ट २०१६ मध्ये विंडोज १० ह्या प्रणालीची एक मोठी सुधारित आवृत्ती प्रसिद्ध झाली. ती घेताच जगभर असंख्य लोकांचे कॅमेरे काही क्षण चालून गोठू लागले. कॅमेरे, तारा, खाचा, सारे पूर्वीचेच होते. मग झाले काय?

एकाच वेळी अनेक प्रोग्रॅमना कॅमेरा वापरता यावा म्हणून प्रणालीच्या कर्त्यांनी मध्ये एक नवी व्यवस्था बसविली होती. चित्र उलगडण्याचे काम प्रत्येक प्रोग्रॅमने पुनःपुन्हा करू नये, ह्या उद्देशाने आवळलेले चित्र प्रोग्रॅमकडे थेट पाठविणे त्यांनी बंद केले. परंतु अनेक प्रोग्रॅम नेमके तेच आवळलेले चित्र मागत असत. मागणारा मागत राहिला, देणारा देईना, आणि चित्र थांबले. पुढील सुधारणांतून हा दोष दूर करण्यात आला. मात्र तत्पूर्वी कित्येकांनी आपले चांगले कॅमेरे वाईट ठरविले असतील, हे उघड आहे. तेव्हा कॅमेरा बंद पडल्यावर पहिला प्रश्न विचारावा तो हा: ‘काल आणि आज ह्यांमध्ये काय बदलले?’

दोष शोधण्याची रीत

नियम एकच. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, परिणाम पाहावा व तो वहीत टिपून ठेवावा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशाने आला हे कळत नाही.

प्रथम सोपे ते पाहावे. भिंगावर सरकते झाकण आहे काय? उन्हाळ्यातील धुळीचा थर भिंगावर बसला आहे काय? दुसरा एखादा प्रोग्रॅम कॅमेरा अडवून बसला आहे काय? सर्व प्रोग्रॅम बंद करून संगणक पुन्हा सुरू केल्यास ह्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मिळते. नंतर परवानगी तपासावी. अलीकडील प्रणालींत कोणत्या प्रोग्रॅमने कॅमेरा वापरावा हे खाजगीपणाच्या सेटिंगमध्ये ठरविलेले असते. तेथे नकार असेल तर कॅमेरा असूनही चित्र मिळत नाही. विषाणूरोधक प्रोग्रॅमही कधीकधी अशी आडकाठी करतो.

त्यानंतर तार आणि खाच. मेजावरील संगणकाच्या पुढच्या बाजूच्या खाचा आतील एका लांब तारेने मुख्य फलकाला जोडलेल्या असतात. मागील खाचा फलकावरच पक्क्या बसविलेल्या असतात. जुन्या यंत्रात पुढील जोड सैल झाल्याचे आढळते. कॅमेऱ्याला सुमारे ५ व्होल्टचा वीजदाब त्याच खाचेतून मिळतो. एका खाचेला अनेक उपकरणे लटकविली तर तो अपुरा पडतो. म्हणून कॅमेरा मागील खाचेत, एकटा आणि थेट जोडून पाहावा.

आता डिव्हाइस मॅनेजर उघडावा. तेथे कॅमेऱ्याचे नावच नसेल तर संशय तार, खाच किंवा कॅमेरा ह्यांवर जातो. नाव असून त्यावर पिवळी खूण असेल तर ड्रायव्हरवर. नाव निर्वेध असेल तर परवानगी वा प्रोग्रॅमवर. ड्रायव्हरचा संशय असल्यास तो काढून संगणक पुन्हा सुरू करावा, म्हणजे प्रणाली आपला सर्वसाधारण ड्रायव्हर बसविते. नवा ड्रायव्हर हवाच असेल तर तो कॅमेऱ्याच्या उत्पादकाकडूनच घ्यावा. अनोळखी ठिकाणाहून घेतलेल्या ड्रायव्हरबरोबर उपद्रवी प्रोग्रॅम घरात शिरण्याचे भय असते.

चित्र येते पण अडखळते, असे असेल तर त्याचा आकार कमी करून पाहावा. वरील हिशेबावरून त्याचे कारण ध्यानात येईल.

इतके करूनही उलगडा न झाल्यास दोन निर्णायक कसोट्या उरतात. पहिली, तोच कॅमेरा शेजाऱ्याच्या संगणकाला जोडणे. दुसरी, त्याच संगणकावर पेन ड्राइव्हवरून लिनक्स प्रणाली तात्पुरती चालविणे. ह्यात मूळ प्रणालीला धक्का लागत नाही. लिनक्सवर चित्र दिसले तर भिंग, संवेदक, तार व खाच ह्या चारही कड्या एका फटक्यात निर्दोष ठरतात आणि दोष मूळ प्रणालीच्या बाजूला उरतो. दोन्हीकडे चित्र आले नाही, तर मात्र कॅमेरा खरोखर गेला असे मानण्यास आधार मिळतो.

निर्णय

जुना संगणक सर्व काळ जपावा असे नव्हे. विंडोज ७ चा सर्वसाधारण आधार जानेवारी २०२० मध्ये व विंडोज १० चा ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. सुरक्षिततेच्या दुरुस्त्या न मिळणारी प्रणाली जाळ्याशी जोडलेली ठेवणे धोक्याचे असते. अशा यंत्रावर चालू लिनक्स प्रणाली बसविणे हा एक मार्ग आहे.

परंतु तपासल्यावाचून टाकून देण्याची किंमत कोणीतरी मोजतोच. दिल्लीच्याच सीलमपूर भागात टाकून दिलेली विद्युत् उपकरणे हातांनी फोडून त्यांतील धातू वेगळे काढले जातात. त्यातून निघणारा धूर आणि आम्ले तेथील माणसांच्या अंगावर येतात. निकामी वस्तू नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्यांकडे जावी, ह्यासाठी केंद्र सरकारचे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. वस्तू निकामी आहे की नाही, हे ठरविण्याचे काम मात्र घरातच व्हावयाचे असते. नेहरू प्लेसच्या बाजारात नव्या कॅमेऱ्यासाठी जाण्यापूर्वी वहीचे एक पान आणि एक संध्याकाळ ह्या कामी खर्च केली, तर पुष्कळदा त्याच संध्याकाळी सांगलीची आजी पुन्हा पडद्यावर दिसू लागते.